खोल पाण्यातील कोळंबी : शोध, मासेमारी आणि मर्यादा यांचा इतिहास

१. विषयप्रवेश

अहमदनगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) सीमेला समुद्र कोठेही भिडत नाही. प्रवरा, मुळा आणि गोदावरी या नद्यांच्या पाण्यावर वाढलेल्या ह्या प्रदेशात बसून खोल सागरातील कोळंबीचा इतिहास लिहिणे काहींस विक्षिप्तपणाचे वाटेल. तथापि घाटमाथ्यावरील गावांचा आणि सागराचा संबंध दिसतो तितका तुटक नाही. नगरच्या निजामशाहीचे मुख्य बंदर चौल हे होते. अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास ह्याच बंदरात उतरला व घाट चढून जुन्नरला आला. पुढे १४९० मध्ये मलिक अहमदाने जुन्नर भागात स्वतंत्र सत्ता स्थापन केली आणि १४९४ मध्ये नगर शहर वसविले. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या अनुमतीने पोर्तुगीजांनी चौलजवळ रेवदंड्यास किल्ला बांधला, तर १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने त्याच चौलला वेढा घातला व त्यात त्याला अपयश आले. घोडे, मसाले आणि कापड यांच्यासाठी लढल्या गेलेल्या ह्या झगड्यांची नोंद इतिहासकारांनी केली आहे. ज्या सामान्य मालाने घाट चढून रयतेच्या भाकरीला चव दिली, त्या सुकटीची व जवळ्याची नोंद कोणत्याही तहनाम्यात नाही. आजही देशावरील आठवड्याच्या बाजारात तागाच्या पोत्यांवर सुके बोंबील, सुकट आणि जवळा मांडलेला दिसतो. देशावरच्या माणसाची समुद्राशी ओळख झाली ती प्रथम ह्या वाळवणातून.

प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे, प्राणिशास्त्राचा नाही. म्हणून ह्या निबंधात एका मर्यादित प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. उथळ पाण्यातील कोळंबीला आपल्या किनाऱ्यावर शतकानुशतके नावे आहेत. खोल पाण्यातील कोळंबीला मराठीत नाव नाही. तिची नावे जहाजांवरून आणि संग्रहालयांतून आली. एखाद्या जीवाला लोकभाषेत नाव असणे वा नसणे ह्याचा त्या जीवाच्या जतनाशी काही संबंध पोहोचतो काय? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी शोधाचा, मासेमारीचा आणि नियमनाचा असा तिहेरी इतिहास क्रमाने पाहणे इष्ट ठरेल.

२. कोळ्यांची शब्दसंपदा

कोळंबी, झिंगा, चिंगूळ हे शब्द मराठीत सर्वसाधारण अर्थाने वापरले जातात. संस्कृत कोशांत 'चिङ्गट' हा शब्द येतो व बंगालीतील 'चिंगडी' त्याच्याशी जवळचे नाते सांगते. परंतु हे झाले जातीवाचक शब्द. मासळी प्रत्यक्ष पकडणाऱ्या, निवडणाऱ्या व विकणाऱ्या समाजाची भाषा एवढ्यावर थांबत नाही. मुंबई, ठाणे व रायगडच्या किनाऱ्यावर जवळा, करंदी, चैती, टिणी, कापशी अशी भिन्न नावे भिन्न प्रकारांना आहेत. बाजारातील कोळीण ही नावे कधी एकमेकांत मिसळत नाही, कारण प्रत्येक नावाचा भाव निराळा असतो.

ह्या भेदांतील सूक्ष्मता वाखाणण्याजोगी आहे. जवळा म्हणजे प्राणिशास्त्रातील असेटिस इंडिकस. १८३० मध्ये एच. मिल्न-एडवर्ड्स ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले. करंदी म्हणजे निमॅटोपॅलिमॉन टेन्युपेस. जवळा पाण्यात अंडी सोडणाऱ्या शाखेतला, तर करंदी अंडी पोटाखालच्या पायांना चिकटवून बाळगणाऱ्या शाखेतली. शास्त्राने कल्ले व अंडी यांवरून जो भेद सिद्ध केला, तोच भेद कोळीवाड्याने डोळ्यांनी व बोटांनी आधीच केला होता. दोहोंची कारणे वेगळी असली तरी वर्गीकरणाची रेषा एकच पडली, ही गोष्ट भाषाशास्त्रज्ञाला विचार करावयास लावणारी आहे.

नावांबरोबर मोजमापाचेही शब्द येतात. पाण्याची खोली कोळी 'वावां'त मोजतात. दोन्ही हात पसरले असता एका हाताच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंत जी लांबी होते ती एक वाव, म्हणजे सुमारे सहा फूट. दोरी शरीराने मोजली जात असल्यामुळे ह्या मापाला माणसाच्या पोहोचेची मर्यादाही आपोआप चिकटलेली आहे. भरतीचे उधाण आणि भांग असे दोन भेद, त्यांवर अवलंबून असलेली डोल जाळ्याची पद्धत, खुंटाला बांधलेल्या ह्या पिशवीसारख्या जाळ्यात प्रवाहाबरोबर वाहत येणारा जवळा व बोंबील, ही सर्व व्यवस्था काही वावांच्या पाण्यातली. पावसाळ्यात नौका किनाऱ्याला ओढल्या जात आणि नारळी पौर्णिमेला सागरपूजन करून पुन्हा लोटल्या जात. ह्या प्रथेत निसर्गसंवर्धनाचा हेतू पाहण्याचा मोह आधुनिक लेखकांना होतो. इतिहासाच्या दृष्टीने एवढेच म्हणता येते, की खवळलेल्या समुद्रात होडी घालणे धोक्याचे होते. त्या भीतीतून पडलेल्या विश्रांतीचा लाभ मासळीलाही मिळाला. हेतू व परिणाम यांत गल्लत करता कामा नये. आज महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै ही जी बंदी पाळली जाते, ती मात्र हेतुपूर्वक केलेली आहे.

३. 'इन्व्हेस्टिगेटर' आणि बारशाचा इतिहास

नगर जिल्ह्याचे गॅझेटियर १८८४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ह्या जिल्ह्याच्या नद्या, पिके आणि बाजार यांची तपशीलवार नोंद आहे. मुंबई इलाख्याची जमीन अशा रीतीने पुस्तकबद्ध होत असतानाच त्याच मुंबईच्या गोदीत बांधलेले एक जहाज समुद्रतळाची नोंद करू लागले होते. 'इन्व्हेस्टिगेटर' ही लाकडी, चाकांनी चालणारी आगबोट १८८१ मध्ये मुंबईत पाण्यात सोडण्यात आली. तिचे मुख्य काम सागरी नकाशांसाठी मोजणी करण्याचे. जहाजावर एक शल्यवैद्य असे व मोजणीतून सवड मिळाली की तो तळ खरवडणारे जाळे सोडून जे काही वर येईल ते जपून ठेवी. १८८८ ते १८९२ ह्या काळात हे काम आल्फ्रेड आल्कॉक ह्याने केले. पुढे तो कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमचा अधीक्षक झाला, १९०१ मध्ये त्याने भारतीय खोल सागरातील कवचधारी प्राण्यांची वर्णनात्मक सूची प्रसिद्ध केली आणि १९०२ मध्ये ह्या सफरींवर एक वाचनीय ग्रंथही लिहिला.

ह्या सूचीतून आणि तिच्या आगेमागे ज्या कोळंब्यांचे बारसे झाले, त्यांची नावे वाचण्यासारखी आहेत. 'हेटेरोकार्पस वुडमेसनी' हे नाव आल्कॉकच्या आधीचे अधीक्षक जेम्स वुड-मेसन यांच्या स्मरणार्थ. 'सोलेनोसेरा हेक्स्टी' हे शासकीय नौदलाचे प्रमुख हेक्स्ट यांच्या नावावरून. 'अरिस्टिअस आल्कॉकी' हे स्वतः आल्कॉकच्या नावाने. ते १९३८ मध्ये रमदान ह्या इजिप्शियन शास्त्रज्ञाने ठेवले. १९३३-३४ मध्ये 'माबाहिस' ह्या इजिप्शियन जहाजावरून सेमूर सेवेल यांच्या नेतृत्वाखाली अरबी समुद्राची जी जॉन मरे मोहीम झाली, तिच्या संग्रहाच्या अभ्यासातून हे नाव आले. त्याच संग्रहातील खोल पाण्यातील शेवंडीला 'प्युरुलस सेवेली' असे नाव देऊन सेवेल यांचाही मान राखण्यात आला. व्यक्तिनामांखेरीज जी नावे आहेत ती शरीरचनेवरून किंवा स्थळावरून : 'हेटेरोकार्पस' म्हणजे ज्याची मनगटे विषम आहेत असा, 'गिबोसस' म्हणजे कुबड असलेला, 'स्पिनिपेस' म्हणजे काटेरी पायांचा, 'अंदमानेन्सिस' म्हणजे अंदमानचा.

वरील नावांची कोळ्यांच्या नावांशी तुलना केली असता एक भेद ठळकपणे नजरेत भरतो. जवळा, करंदी, टिणी ह्या नावांमागे बाजार, स्वाद, वाळवण आणि हंगाम आहे. चैती ह्या नावाने चैत्र सुचतो. आल्कॉकच्या परंपरेतील नावांमागे संग्रहालयाची बरणी आणि अधिकाऱ्यांचा आदर आहे. दोन्ही नामकरणे आपापल्या जागी रास्त आहेत. शास्त्रीय नावाचा गुण असा की ते कोल्लमपासून कैरोपर्यंत एकच अर्थ देते. त्याचा दोष असा की ते ज्याच्या जाळ्यात तो जीव येतो त्याच्या तोंडी कधी बसत नाही. ह्या दोषाचे परिणाम पुढे काय झाले ते यथाक्रम येईल.

४. खोल पाण्यातील जीवन

येथे थोडा जीवशास्त्रीय तपशील देणे अवश्य आहे, कारण त्यावाचून नियमनाचा प्रश्न समजणार नाही. किनाऱ्यालगतची बहुतेक कोळंबी अल्पायुषी असते. ती समुद्रात अंडी सोडते, पिले खाड्यांत व खारफुटीच्या आश्रयाला येतात, झपाट्याने वाढतात आणि पुन्हा समुद्रात जातात. साधारणपणे वर्ष-दोन वर्षांत तिचे जीवनचक्र संपते. एका मादीची अंडी लक्षांनी मोजावी लागतात. अशा जीवाचा साठा एका वाईट वर्षात घटला तरी परिस्थिती अनुकूल होताच भरून निघण्याचा संभव असतो.

दोनशे ते चारशे मीटर खोलीवरील, म्हणजे सुमारे शंभर ते सव्वादोनशे वाव पाण्यातील परिस्थिती अगदी निराळी आहे. तेथे सूर्यप्रकाश जवळजवळ पोहोचत नाही. पाण्याचे तपमान आपल्या अक्षांशांतही सुमारे दहा ते पंधरा अंश सेल्सिअस एवढेच असते. अन्न वरून झिरपत येईल तेवढेच. अशा ठिकाणी वाढ सावकाश होते व प्रौढत्व उशिरा येते. हेटेरोकार्पस व प्लेसिओनिका ह्या पँडॅलिड कुळातील माद्या अंडी पोटाखाली बाळगतात. साहजिकच ती संख्येने थोडी असतात आणि मादी जाळ्यात सापडली की तिच्याबरोबर तिची सर्व अंडीही जातात. अरिस्टिअस मात्र पीनिड वर्गाच्या जवळची असून ती अंडी पाण्यात मोकळी सोडते; तिच्यात मादी नरापेक्षा बरीच मोठी असते व बाजारात मोठ्या आकाराला भाव असल्यामुळे पकडीचा भार माद्यांवर अधिक पडतो. म्हणजे एकाच जाळ्यात, एकाच खोलीवर सापडणाऱ्या ह्या प्रकारांना संकटाची कारणे निरनिराळी आहेत. त्यांना एकाच नावाखाली घालणे म्हणजे दोन भिन्न रोगांना एकच औषध देण्यासारखे आहे.

५. सर्वेक्षणापासून व्यवसायापर्यंत

खोल पाण्यात यांत्रिक जाळे ओढण्याचे प्रयत्न मुंबईला नवे नाहीत. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारने 'विल्यम कॅरिक' ह्या वाफेच्या ट्रॉलरवर प्रयोग केले; ते व्यापारी दृष्ट्या यशस्वी झाले नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये मुंबईत खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र स्थापन झाले. ह्याच संस्थेचे रूपांतर होत होत पुढे भारतीय मत्स्य सर्वेक्षण ही संस्था झाली व तिचे मुख्यालय मुंबईतच आहे. परंतु 'खोल समुद्र' ह्या शब्दाचा त्या काळचा अर्थ आजच्याहून फार उथळ होता, हे अभ्यासकांनी ध्यानात ठेवावे. किनाऱ्यावरून दिसेनासे होणारे पाणी ते सर्व खोल, असाच काहीसा त्याचा व्यवहारातील अर्थ होता.

खऱ्या खोल पाण्यातील कोळंबीचा व्यवसायदृष्ट्या शोध केरळात लागला. १९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार होऊन नीण्डकरा परिसरात भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला. ह्याच दशकात, १९५३ मध्ये, गोठविलेल्या कोळंबीची निर्यात कोचीहून सुरू झाली आणि जी मासळी पूर्वी वाळवून खाल्ली वा विकली जात असे तिला परदेशी चलनाची किंमत आली. कोळंबीच्या इतिहासातील हा खरा सांधा होय. १९५९ मध्ये जॉन व कुरियन यांनी केरळ किनाऱ्यापुढील खोल पाण्यात कोळंबी व शेवंड सापडल्याची प्राथमिक टिपणी प्रसिद्ध केली. १९६० नंतरच्या दशकात प्रकल्पाच्या 'वरुण' ह्या जहाजावरून व इतर नौकांवरून उताराची पाहणी झाली आणि कोल्लमसमोरील क्षेत्र विशेष समृद्ध असल्याचे दिसून आले. आल्कॉकने बरणीत ठेवलेले जीव आता टनांच्या भाषेत मोजले जाऊ लागले.

तरीही पुढली तीस-पस्तीस वर्षे हे ज्ञान बहुतांशी अहवालांतच राहिले. उथळ पाण्यात पुरेशी कोळंबी मिळत असताना दूर जाऊन इंधन जाळण्याचे कारण नव्हते. १९९९ च्या सुमारास हे चित्र पालटले. किनाऱ्यालगतची पकड रोडावू लागली होती, ट्रॉलरांची संख्या वाढली होती व इंजिनांची शक्तीही वाढली होती. शक्तीकुळंगरा, कोची, मुनंबम येथील नौका कोल्लमच्या उताराकडे वळल्या. पहिल्या हंगामांत पकड विपुल आली. अरिस्टिअसला, जिला निर्यातव्यापारात 'रेड रिंग' म्हणतात, उत्तम भाव मिळाला. आणि नौकांची झुंबड उडाली. त्यानंतरच्या वर्षांत पकड लक्षणीयपणे उतरली. मग काही नौका परतल्या, काही अधिक खोल गेल्या. आपल्याकडील शेतीत विहिरींच्या बाबतीत जे घडले, त्याचीच ही सागरी आवृत्ती होय : पाणी खाली गेले की बोअर आणखी खाली न्यावयाचे.

आरंभीच्या ह्या लाटेत 'खोल समुद्रातील कोळंबी' ह्या एकाच सदराखाली अनेक प्रकार एकत्र उतरत होते. केरळच्या बंदरांत हळूहळू त्यांना स्थानिक व व्यापारी नावे मिळाली, हे खरे. परंतु नाव मिळेपर्यंत भर ओसरला होता. एकूण टन स्थिर दिसत असताना आतील एक प्रकार घटून दुसरा त्याची जागा घेत असेल, तर एकत्रित आकडा ती घट झाकून ठेवतो. भाषेतील संदिग्धता येथे हिशेबातील तूट होऊन बसते.

६. उत्तरेकडील साक्ष

येथवरच्या विवेचनावरून असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल, की नाव व शास्त्रीय माहिती असली म्हणजे जतन होते. इतिहास ह्या निष्कर्षाला सरळ पाठिंबा देत नाही. उत्तर अटलांटिकमधील पँडॅलस बोरिॲलिस ही थंड पाण्यातील कोळंबी जगात सर्वांत अधिक अभ्यासल्या गेलेल्या कोळंब्यांपैकी एक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस योहान योर्ट ह्या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाच्या पाहणीतून तेथील फ्योर्डांत तिची क्षेत्रे उजेडात आली आणि त्यांवर मासेमारी उभी राहिली. १९२९-३० मध्ये आल्फ्रेडा बर्कली यांनी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील पँडॅलस कोळंब्यांचा अभ्यास करून एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली : त्या आयुष्याच्या पूर्वार्धात नर असतात व उत्तरार्धात मादी होतात. बोरिॲलिसच्या बाबतीतही हेच खरे ठरले. म्हणजे मोठ्या आकाराची कोळंबी वेचून काढणे हे प्रायः सर्व माद्या काढून घेणे होय.

एवढे ज्ञान असूनही अमेरिकेच्या ईशान्येकडील मेन आखातातील ह्या कोळंबीचा साठा १९७० नंतरच्या दशकात कोसळला. १९७८ मध्ये तेथील मासेमारी बंद ठेवावी लागली. पुढे ती सावरली, पुन्हा वाढली आणि २०१४ च्या हंगामापासून ती पुन्हा बंद करण्यात आली. ह्या खेपेस केवळ जाळ्यांना दोष देता येत नाही. आखाताचे पाणी तापत गेले आणि थंडीप्रिय जीवाच्या पिलांना जगणे कठीण झाले. ह्याच्या उलट नॉर्वेत १९९० च्या सुमारास जाळ्यात तिरकी जाळी बसविण्याची सक्ती होऊ लागली. नूरमूर भागातील मच्छीमारांनी उपद्रवी जेलीमासे जाळ्याबाहेर काढण्यासाठी जी युक्ती योजली होती, तिच्यातून ही जाळी विकसित झाली. कोळंबी गजांमधून पाठीमागे जाते आणि मोठी मासळी वरच्या वाटेने निसटते. साधी लोखंडी गजांची ही चौकट अनेक देशांनी स्वीकारली. ती मच्छीमारांच्या अनुभवातून जन्मली आणि शासनाने तिला नियमाचे रूप दिले, ही गोष्ट आपल्याकडील नियमकर्त्यांनी विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.

आपल्या कोळीवाड्यांची साक्षही ह्याच दिशेने जाते. कोळ्यांजवळ सर्व नावे होती, तरी यांत्रिक ट्रॉलरांचा सुळसुळाट झाल्यावर जवळ्याची व चैतीची रास पूर्वीसारखी राहिली नाही. तेव्हा नाव हे जतनाचे पुरेसे कारण नव्हे. ते आवश्यक कारण मात्र आहे. ज्याला नाव नाही त्याची तक्रार करता येत नाही, त्याचा भाव ठरत नाही, त्याची घट गावकीत बोलली जात नाही. करंदी कमी झाली हे कोळीण पहिल्याच हंगामात सांगेल. हेटेरोकार्पस वुडमेसनी कमी झाली हे तिच्यापर्यंत पोहोचेपर्यंत दहा अहवाल होऊन गेलेले असतील.

७. महाराष्ट्रापुढील प्रश्न

महाराष्ट्रात खोल पाण्यातील कोळंबीचा व्यवसाय केरळप्रमाणे का उभा राहिला नाही, ह्याचे पहिले कारण भूगोलात आहे. खंडाची पाण्याखालील उथळ पायरी मुंबईसमोर दोनशे किलोमीटरांहून अधिक रुंद आहे. दक्षिणेकडे ती अरुंद होत जाते. कोल्लमची नौका काही तासांत ज्या खोलीवर पोहोचते, तिथे जाण्यास ससून गोदीतून निघालेल्या नौकेला फार मोठा पल्ला गाठावा लागतो. दुसरे कारण रासायनिक आहे. अरबी समुद्रात सुमारे दीडशे मीटरांपासून हजार मीटरांपर्यंत प्राणवायूची तीव्र कमतरता असलेला थर पसरलेला आहे आणि तो उत्तरेकडे अधिक तीव्र होतो. जॉन मरे मोहिमेच्या निरीक्षणांतही ह्या निर्जीवप्राय थराची चिन्हे आढळली होती. जेथे श्वासच कोंडतो तेथे दक्षिणेइतके दाट साठे असतील असे गृहीत धरून नौकांना अनुदान देणे धाडसाचे होईल.

तिसरे कारण कायद्याचे. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. त्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली. परंतु राज्याची सत्ता बारा सागरी मैलांपर्यंतच चालते. १९७६ च्या सागरी क्षेत्र अधिनियमाने दोनशे मैलांपर्यंतचे अनन्य आर्थिक क्षेत्र केंद्राकडे आले आणि खोल पाण्यातील कोळंबी जवळजवळ सर्वस्वी ह्याच पट्ट्यात राहते. तेथे परदेशी नौकांसाठी १९८१ मध्ये कायदा झाला. स्वदेशी नौकांसाठी मात्र दीर्घ काळ स्वतंत्र केंद्रीय नियमन नव्हते. १९९१ च्या धोरणानुसार परदेशी सहभागाच्या नौकांना परवाने देण्यात आले, त्याविरुद्ध सर्व किनाऱ्यांवरील मच्छीमारांनी आंदोलन केले, आणि १९९६ मध्ये मुरारी समितीने ते परवाने रद्द करण्याची शिफारस केली. त्या आंदोलनाचा गाभा असा होता, की खोल समुद्र हा रिकामा प्रदेश नाही आणि जवळच्या पाण्याशी त्याचा संबंध आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र शासनाने ह्या क्षेत्रातील मासेमारीचे नियम अधिसूचित केले व त्यांत मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. सहकाराची परंपरा ज्या जिल्ह्यात रुजली, ज्या जिल्ह्यात १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेथील वाचकांस ह्या शब्दाचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा दोन्ही सांगण्याची गरज नाही. संस्था सभासदांची असते तोवर ती साठा राखते. ती थोड्यांची झाली की साठ्याबरोबर संस्थाही आटते.

८. उपसंहार

ह्या इतिहासावरून काही गोष्टी निश्चितपणे सांगता येतात. खोल पाण्यातील कोळंबी हा सावकाश भरणारा ठेवा आहे. उथळ पाण्याच्या हिशेबाने तो मोजता येत नाही. नौकांची संख्या मासेमारी सुरू होण्यापूर्वी ठरवावी लागते, कारण कर्ज काढून बांधलेली नौका पुढे कोणताही नियम परत फिरवू शकत नाही. अंडी बाळगणाऱ्या माद्या जेथे व जेव्हा अधिक सापडतात, ते क्षेत्र व तो काळ मोकळा सोडला पाहिजे. आणि पकडीची नोंद प्रकारवार व खोलीवार झाली पाहिजे. 'खोल समुद्रातील कोळंबी' हे एकच सदर पुरेसे नाही.

शेवटची गोष्ट भाषेच्या अभ्यासकांच्या वाट्याला येते. केरळने २०१५ मध्ये मासळीच्या किमान आकाराचे नियम लागू केले व महाराष्ट्रानेही पुढे तसे नियम केले. अशा अधिसूचनांत शास्त्रीय नाव, इंग्रजी व्यापारी नाव आणि मराठी नाव एकमेकांशी नेमके जुळले नाही, तर बंदरावर नियम कोणत्या टोपलीला लागू आहे ह्यावरच वाद होतो. मुंबईत टिणी म्हणतात ती रत्नागिरीत कोणत्या नावाने ओळखतात, वेंगुर्ल्यास तिला काय म्हणतात, ह्याची बोलीवार सूची करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्याला सहज करता येण्याजोगे काम आहे, आणि ते कोशापुरते उरणारे नाही. ज्या प्रकारांना अद्याप मराठी नाव नाही, त्यांची नावे परिभाषा समितीच्या बैठकीत घडवू नयेत. त्या कोळंब्या बंदरावर उतरतील तेव्हा निवडणाऱ्या स्त्रिया त्यांना काय म्हणतात ते लिहून घ्यावे. कुबड, काटेरी पाय किंवा तांबडी कडी ह्यांपैकी कोणते लक्षण त्यांच्या नजरेत प्रथम भरते, ते त्याच सांगतील.

आल्कॉकच्या काळात जहाज मुंबईत बांधले गेले, नमुने कलकत्त्याला गेले आणि नावे लंडनमार्गे जगभर गेली. ह्या सर्व प्रवासात मराठी बोलणारा किनारा फक्त गोदीच्या भिंतीपुरता उपस्थित होता. पुढील पर्वात खोल पाण्याकडे जाणाऱ्या नौकांवर त्याच किनाऱ्याची माणसे असणार आहेत. त्यांच्याजवळ वाव मोजण्याची दोरी पूर्वीपासून आहे. त्या दोरीच्या टोकाला काय आहे आणि त्यातले किती घ्यावयाचे, हे त्यांच्या भाषेत त्यांना सांगता आले पाहिजे.